निघण्याची वेळ कोणी ठरवावी?

मे महिना आला की आमच्या टेबलावर दोन प्रकारच्या निमंत्रणपत्रिका साठू लागतात. एक लग्नाच्या आणि दुसऱ्या शिक्षकांच्या सेवानिवृत्तीच्या. लग्नाची तारीख घरची माणसे ठरवितात. सेवानिवृत्तीची तारीख मात्र पुष्कळांची एकच असते, ती म्हणजे ३१ मे. याचे कारण मोठे मौजेचे आहे. ज्या काळी जन्माची नोंद घरात कोणी ठेवीत नसे, त्या काळी मुलाचे नाव शाळेत घालताना गुरुजी अंदाजाने १ जून ही तारीख लिहून मोकळे होत. आपल्या समाजात बाप्तिस्म्याची नोंदवही असल्यामुळे हा प्रकार कमी; परंतु राज्यभर अशा एक जूनच्या मुलांची संख्या फार मोठी आहे. त्यांतलीच काही मुले पुढे शिक्षक झाली. महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो असा नियम आहे. त्यामुळे एका गुरुजींनी पन्नासएक वर्षांपूर्वी सहज लिहिलेली तारीख आज दुसऱ्या गुरुजींच्या हाती शाल आणि श्रीफळ देते.

या समारंभांत आम्हांला बोलावे लागते. आम्ही सेवाभावाविषयी बोलतो, दिव्याने दिवा लावण्याविषयी बोलतो आणि टाळ्या पडतात. परंतु समारंभापूर्वी काही महिने वा काही वर्षे हेच शिक्षक आमच्याकडे वेगळ्याच प्रश्नासाठी आलेले असतात. "फादर, आता थांबू की निघू?" हा तो प्रश्न. त्याला आम्ही आजवर जी उत्तरे दिली ती सगळीच बरोबर होती असे आमचे मन सांगत नाही. म्हणून हा लेख.

प्रथम प्रश्न समजून घेऊ. महाराष्ट्रातील अनुदानित शाळांतील शिक्षक वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतो. ही झाली शेवटची मर्यादा. तिच्या आधी निघण्याचा मार्गही असतो. १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांखाली येणाऱ्या शिक्षकाला वीस वर्षांची अर्हताकारी सेवा झाल्यावर तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छेने निवृत्त होता येते. त्याला अखेरच्या मूळ वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन मिळते, त्यावर वेळोवेळी महागाईची भर पडते आणि त्याच्या पश्चात जोडीदाराला कुटुंबनिवृत्तिवेतन मिळते. म्हणजे सेवेची वीस वर्षे संपली की कायद्याच्या दृष्टीने दार उघडे असते. बाहेर जायचे की नाही हे ज्याचे त्याने ठरवायचे.

हे दार १ नोव्हेंबर २००५ रोजी बदलले. त्या दिवशी वा त्यानंतर सेवेत आलेल्यांना राज्य शासनाने परिभाषित अंशदान योजना लागू केली आणि पुढे ती राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत गेली. या योजनेत शिक्षकाच्या वेतनातून व महागाई भत्त्यातून दहा टक्के कापले जातात आणि शासन आपला वाटा घालते. हा वाटाही प्रथम दहा टक्के होता, पुढे चौदा झाला. जमलेले पैसे बाजारात गुंतविले जातात. अखेरीस किती मिळेल याचे वचन मूळ योजनेत कोणी दिलेले नव्हते. वयोमानानुसार निवृत्त होणाऱ्याला साठ टक्क्यांपर्यंत रक्कम हाती घेता येते. उरलेल्या किमान चाळीस टक्क्यांची वार्षिकी घ्यावी लागते आणि तिच्यातून दरमहा ठरावीक रक्कम येते. परंतु जो वयापूर्वीच निघतो त्याचे हे गणित उलटते. त्याच्या हाती वीस टक्केच पडतात आणि ऐंशी टक्के वार्षिकीत अडकतात.

ही टक्केवारी वाचून काही वाचक पान उलटतील. त्यांनी क्षणभर थांबावे. या आकड्यांमागे माणसे आहेत. त्यांपैकी दोघांची हकिगत आम्ही येथे सांगतो. एकाच शाळेच्या, एकाच स्टाफरूममध्ये शेजारी शेजारी बसणारी ही माणसे आहेत.

पहिले सर १९९४ साली लागले. गुडघे गेले आहेत, वर्ग दुसऱ्या मजल्यावर आहे. गणिताचा अभ्यासक्रम बदलला तेव्हापासून शिकविण्यात मन रमत नाही असे ते स्वतःच सांगतात. त्यांच्यापुढे दार उघडे आहे. तरीही ते थांबले आहेत, कारण केंद्राने जानेवारी २०२५ मध्ये आठव्या वेतन आयोगाची घोषणा केली. केंद्राचा आयोग आला की मागाहून राज्याचाही येतो, वेतन वाढते आणि निवृत्तिवेतन ज्या अखेरच्या वेतनावर बसते तेच वाढलेले असले तर जन्मभराचा फरक पडतो. "घरचे म्हणतात, आयोग पदरात पडू द्या, मग निघा," असे सर म्हणाले. यात काय चुकले? हिशेब सरळ आहे.

दुसऱ्या बाई २००६ च्या जूनमध्ये लागल्या. त्याआधी चार वर्षे त्यांनी विनाअनुदानित तुकडीवर तुटपुंज्या पगारात काढली होती. ती वर्षे कोठेही धरली गेली नाहीत. आज त्या एक्कावन्न वर्षांच्या आहेत. वर्गात साठ मुलांपुढे बोलून बोलून घसा कायमचा बसला आहे. डॉक्टरांनी आवाजाला विश्रांती द्या असे सांगितले आहे. घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई आहेत. जुन्या नियमांत असत्या तर वीस वर्षे भरताच त्या निघू शकल्या असत्या. आम्ही त्यांच्याबरोबर कागदावर हिशेब मांडला. समजा खात्यात तीस लाख रुपये जमले. आता निघाल्या तर सहा लाख हाती येतील आणि चोवीस लाखांची वार्षिकी घ्यावी लागेल. तिच्यावर साडेसहा टक्के धरले तर महिन्याला तेरा हजार रुपये होतात आणि महागाई वाढली तरी ते तेरा हजारच राहतात. जुन्या नियमात सत्तर हजारांच्या मूळ वेतनावर पस्तीस हजार आणि वर महागाईची भर मिळाली असती. बाईंनी कागदाची घडी केली आणि म्हणाल्या, "फादर, मी आता शिकवत नाही. मी तास काढते. पण मला अजून सात वर्षे तास काढलेच पाहिजेत."

हे वाक्य आमच्या मनातून जात नाही. शिक्षकाने असे बोलावे यात अपराध कोणाचा?

एक उत्तर पटकन सुचते. शिक्षकी पेशा हे व्रत आहे, व्रतस्थाने पैशाचा हिशेब करू नये, मन उडाले की त्याने उठावे. हे उत्तर आम्ही पूर्वी दिलेही आहे. आज ते देताना जीभ अडखळते. ज्याच्या डोक्यावर छप्पर आणि ताटात अन्न दुसऱ्या कोणाच्या व्यवस्थेने येते, त्याने इतरांना निःस्पृहतेचा उपदेश करणे फारसे अवघड नसते. आम्ही धर्मगुरू आहोत. ख्रिस्तसभेच्या कायद्याप्रमाणे धर्मग्रामाच्या प्रमुखाने पंचाहत्तराव्या वर्षी राजीनामा सादर करायचा असतो आणि त्यानंतर त्याच्या राहण्याजेवणाची काळजी धर्मप्रांत घेतो. आम्हांला वार्षिकी विकत घ्यावी लागत नाही. मुलीच्या शिक्षणाचे कर्ज आमच्या नावावर नसते. तेव्हा हिशेब करणाऱ्या शिक्षकाला लोभी ठरविण्याचा अधिकार निदान आम्हांला नाही. म्हातारपणाची तरतूद हा कामगाराच्या हक्कांचा भाग आहे, असे पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या श्रमविषयक परिपत्रकात स्पष्टच नोंदविले आहे. हक्काचा हिशेब करणे हे पाप नव्हे.

दुसरे उत्तर संघटनांचे आहे. जुने निवृत्तिवेतन परत द्या, प्रश्न मिटेल. या मागणीसाठी मार्च २०२३ मध्ये राज्यातील सरकारी कर्मचारी व शिक्षक १४ तारखेपासून आठवडाभर संपावर होते. राजस्थान, हिमाचल प्रदेश अशा काही राज्यांनी जुन्या योजनेकडे परतण्याचे निर्णय घेतले. महाराष्ट्राने २०२४ साली सुधारित योजना जाहीर करून अखेरच्या वेतनाच्या निम्म्या रकमेची व त्यावर महागाईची हमी देण्याचे मान्य केले. तसेच ज्यांच्या पदाची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ पूर्वी निघाली होती पण नेमणूक नंतर झाली, अशा शासकीय कर्मचाऱ्यांना जुन्या योजनेचा पर्याय दिला. आमच्या बाईंसमोर आता पर्यायांचे कागद आहेत. कोठे सही करावी हे त्यांचे अजून ठरलेले नाही.

संघटनांच्या मागणीत न्याय आहे, हे आम्ही निःसंकोच म्हणतो. एकाच फळ्यापुढे एकच धडा शिकविणाऱ्या दोघांच्या म्हातारपणात केवळ नेमणुकीच्या दिवसामुळे एवढे अंतर पडावे, हे मनाला पटत नाही. परंतु या प्रश्नाला दुसरीही बाजू आहे आणि ती आपल्याच धर्मग्रामात राहते. रविवारी मिस्साला शिक्षकाच्या शेजारी जो वाडीवाला बसतो, जो मच्छीमार बसतो, त्याला कोणते निवृत्तिवेतन? केळीची बाग वादळात आडवी झाली की त्याचे त्या वर्षीचे सारे गेले. जी ताई खाजगी बालवाडीत शिकविते, तिलाही काही नाही. निवृत्तिवेतनाचा पैसा सरकारच्या तिजोरीतून येतो आणि तिजोरीत वाडीवाल्याने मीठमिरची विकत घेताना भरलेला करही असतो. हमी देताना आज टाळ्या मिळतात, बिल मात्र आज पहिलीत बसलेल्या मुलांच्या नावाने फाटते. जुनी योजना बंद करणाऱ्यांनी हा भार मोजला होता. त्यांचे सगळेच खोटे होते असे म्हणता येणार नाही.

मग तोल कसा साधावा? आमच्या मते येथे एक प्रश्न विचारावयाचा राहून जातो. निवृत्तिवेतन कशासाठी? आपण समजतो की ते झालेल्या सेवेचे बक्षीस आहे. सरकार समजते की तो खर्च आहे. दोन्ही खरे असेल. पण त्याचे आणखी एक काम आहे आणि ते विद्यार्थ्याशी संबंधित आहे. निवृत्तिवेतन शिक्षकाला योग्य वेळी उठण्याची मोकळीक देते. ज्याला उद्याची भीती नाही तोच आज प्रामाणिकपणे म्हणू शकतो की माझ्याकडून आता होत नाही, दुसऱ्याला येऊ द्या. भीतीपोटी खुर्ची धरून बसलेला शिक्षक स्वतःही सुखी नसतो आणि त्याच्यासमोरच्या बाकांवर बसलेली साठ मुले त्या भीतीची किंमत मोजत असतात.

या दृष्टीने पाहिले तर जुन्या आणि नव्या दोन्ही नियमांत खोट दिसते. जुन्याने अखेरच्या वेतनाला एवढे महत्त्व दिले की दमलेला माणूसही एक वेतनवाढ, एक आयोग अशी वाट पाहत राहतो. नव्याने तर आधी निघणाऱ्यावर दंडच बसविला. केंद्राने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी १ एप्रिल २०२५ पासून एकीकृत योजना आणली, तीत निम्म्या वेतनाची हमी पंचवीस वर्षांच्या सेवेला आहे. परंतु स्वेच्छेने आधी निघालेल्याला ती रक्कम त्याच्या वयोमानाच्या तारखेपासूनच सुरू होते. मधली वर्षे त्याने कशी काढायची? केरळात तर नियमाने निवृत्तीचे वयच दुभंगले. जुन्या योजनेतले छप्पन्नाव्या वर्षी घरी जातात आणि १ एप्रिल २०१३ पासून लागलेले साठाव्या. माणसाची शक्ती केव्हा संपते याचा या तारखांशी काय संबंध?

कोणी म्हणेल, अनुभवी शिक्षक लवकर निघू लागले तर शाळांचे काय होईल? हा प्रश्न आम्हांलाही पडला होता. अमेरिकेतील इलिनॉय राज्याने १९९० च्या दशकाच्या आरंभी ज्येष्ठ शिक्षकांना लवकर निवृत्त होण्यासाठी सवलत दिली आणि मोठ्या संख्येने शिक्षक गेले. पुढे अर्थशास्त्रज्ञांनी तेथील विद्यार्थ्यांचे गुण तपासले, तेव्हा ते घसरल्याचे त्यांना दिसले नाही. गुण म्हणजे सारे शिक्षण नव्हे, हे खरे. तरीही आपल्यावाचून शाळा बंद पडेल असे वाटणाऱ्या प्रत्येकाने, मग तो मुख्याध्यापक असो वा धर्मगुरू, हे लक्षात ठेवलेले बरे. बाहेर डी.एड., बी.एड. झालेली मुले नेमणुकीची वाट पाहत वयाची तिशी ओलांडीत आहेत. आपण एक वर्ष अधिक बसतो तेव्हा त्यांच्यापैकी कोणाचे तरी एक वर्ष जाते.

येथे आम्हांला आमचाही कबुलीजबाब दिला पाहिजे. काही वर्षांपूर्वी आम्ही एका शाळेचे व्यवस्थापन पाहत होतो. मे २०१२ मध्ये राज्यात शिक्षकभरतीवर बंदी आली होती आणि संचमान्यतेत पटसंख्या जरा घटली की पद जात असे. त्या काळात एक शिक्षिका आजारपणामुळे निवृत्ती घ्यावी म्हणून आमच्याकडे आल्या. त्या जुन्या योजनेतल्या होत्या. त्यांना पैशाची अडचण नव्हती. आम्ही त्यांना थांबविले. "बाई, तुम्ही गेलात तर हे पद आपल्याला परत मिळायचे नाही," असे आम्ही म्हणालो. त्या थांबल्या. पुढची तीन वर्षे अर्धा वेळ त्या रजेवर राहिल्या, मुलांचे तास रिकामे गेले आणि त्या निवृत्त झाल्यावर पद गेलेच. शासनाच्या नियमांना आपण दोष देतो. पण त्या दिवशी माणसापेक्षा पद मोठे मानणारा नियम आमच्या तोंडून बोलत होता. त्या बाईंची आम्ही नंतर क्षमा मागितली.

जुन्या करारात सेवानिवृत्तीचा एक नियम आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. गणना या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात लेवींच्या सेवेविषयी सांगितले आहे. त्यांनी पंचविसाव्या वर्षी दर्शनमंडपाच्या सेवेत यावे आणि पन्नासाव्या वर्षी सेवेतून निघावे. मात्र त्यानंतर त्यांना मंडपाबाहेर घालवून द्यावे असे तेथे म्हटलेले नाही. त्यांनी आपल्या बांधवांना मदत करावी, फक्त मुख्य सेवेचे ओझे उचलू नये, अशी व्यवस्था आहे. वयाची मर्यादा, तिच्यानंतरचे मानाचे स्थान आणि तरुणांसाठी मोकळी झालेली जागा या तिन्ही गोष्टींचा विचार त्या प्राचीन नियमात आहे. लेवींना जमिनीचा वाटा नव्हता. त्यांचा निर्वाह लोकांनी आणलेल्या दशमांशावर चालत असे. म्हणजे निघणाऱ्याची चिंता साऱ्या समाजाने वाहिली होती.

आपल्याला यातून काही करता येईल का? निवृत्तिवेतनाचे नियम करणे आपल्या हाती नाही. शासनाकडे आपण एवढे जरूर मागावे की योजना कोणतीही असो, आजारी वा थकलेल्या शिक्षकाला आधी निघताना दंड बसू नये. वाडीवाल्याच्या मुलांच्या भवितव्यावर भार टाकून मोठी हमी मिळविण्यापेक्षा, लहान पण निश्चित आणि महागाईबरोबर वाढणारी रक्कम आणि तिच्याबरोबर हवे तेव्हा निघण्याची मुभा, ही मागणी आम्हांला अधिक न्याय्य वाटते. आमचे हे मत सर्वांना पटेल असे नाही. ज्यांना पटत नाही त्यांनी जरूर लिहावे.

आपल्या शाळांच्या व्यवस्थापनांनीही काही करावे. ज्याचा आवाज गेला आहे त्याला वाचनालय द्यावे, ज्याचे गुडघे गेले आहेत त्याचा वर्ग तळमजल्यावर आणावा. निवृत्त झालेल्यांसाठी शाळेचे फाटक उघडे ठेवावे. आमच्या ओळखीचे एक सर ३१ मे रोजी निवृत्त झाले आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा शाळेत दिसले. दुपारी दोन तास ते कच्च्या मुलांना वाचायला शिकवितात, मोबदला घेत नाहीत. त्यांना पुरेसे निवृत्तिवेतन आहे म्हणून हे जमते, हेही त्यांनी प्रांजळपणे सांगितले.

आणि शिक्षकांना? त्यांना आम्ही आता उपदेश करीत नाही, एक विनंती करतो. हिशेबाचा कागद जरूर मांडा. मुलांची शिक्षणे, कर्जे, औषधे, सारे त्यावर लिहा. फक्त त्याच कागदावर एक ओळ आपल्या वर्गासाठी राखून ठेवा. मी अजून शिकवितो आहे की तास काढतो आहे, हा प्रश्न त्या ओळीत लिहा आणि उत्तर कोणाला न दाखविता स्वतःच वाचा. उत्तर काहीही आले तरी कदाचित आपल्याला थांबावेच लागेल. आमच्या बाईंना थांबावेच लागणार आहे. तरीही त्यांनी परवा सांगितले की, मुख्याध्यापकांशी बोलून त्यांनी आठवड्याचे सहा तास कमी करून घेतले आणि उरलेल्या तासांना पुन्हा तयारी करून जाऊ लागल्या आहेत.

सात वर्षांनी मे महिन्यात त्यांच्या समारंभाची पत्रिका येईल. तोवर आम्ही या धर्मग्रामात असू की नाही, देव जाणे. बोलावणे आलेच तर या वेळी दिव्याचे भाषण करणार नाही, एवढे ठरविले आहे.